मैफल एक, दिवस तीन: एका ख्यालगायिकेच्या घराचा प्रकरण अभ्यास

ओळख पटू नये म्हणून वस्ती, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. रकमा आणि वेळा जवळपासच्या आहेत.

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागात दोन बेडरूमचा फ्लॅट. गायिका प्रकरण सुरू होताना पस्तिशीला टेकलेली, जयपूर-अत्रौली गायकीची. आकाशवाणीची ‘बी हाय’ श्रेणी आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची अलंकार पदवी तिच्याकडे होती. गुरू मुंबईत, वय ७४. सगळ्या शिष्या त्यांना ताई म्हणतात. नवरा हिंजवडीतल्या कंपनीत, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. सासूबाई ६६ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, गुडघे दुखरे. सासरे हयात नाहीत. मुलगी जानेवारी २०२२ मध्ये सिझेरियनने झाली.

२०१९ मध्ये तिचे २३ कार्यक्रम झाले होते. मग करोनाने सभागृहे बंद पडली, ती उघडत असताना बाळंतपण आले आणि मंचापासूनचा खंड पावणेतीन वर्षांवर गेला. या काळात घर तिच्या दोन शिकवण्यांवर आणि नवऱ्याच्या पगारावर चालले. नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. स्वतंत्र कलाकाराला असे काहीच नाही, म्हणून बाळ चार महिन्यांचे असतानाच शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या. ही गोष्ट पुढे फार महागात पडली, पण तेव्हा ती कोणालाच चुकीची वाटली नाही.

शिकवण्या दोन प्रकारच्या होत्या. संध्याकाळी पाच ते आठ घरी १४ मुले, महिना १,५०० रुपये प्रत्येकी. सकाळी साडेसहा ते आठ, आठवड्यातले तीन दिवस, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची सहा मराठी मुले ऑनलाइन. पाऊण तासाला १,२०० रुपये. महिन्याचे एकूण जवळजवळ ५०,००० रुपये. सकाळी साडेसहा म्हणजे तिकडे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सहा, मुलांच्या सोयीची वेळ. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की तोच वर्ग इथे साडेसातला यायचा, म्हणजे बाळाच्या उठण्यावर आणि नवऱ्याच्या डब्यावर.

अडचण कशी दिसू लागली

नोव्हेंबर २०२२ मध्ये एका घरगुती बैठकीत ती पुन्हा गायला बसली. विलंबित त्रितालात समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच दम संपू लागला. जयपूर गायकीत लय अतिविलंबित नसते, पण आवर्तन भरून काढणारी लांबलचक, सलग गुंफलेली आलापी असते. दमसास, म्हणजे श्वास टिकवण्याची ताकद, कमी पडला की या गायकीत ते लपवायला जागा नसते. द्रुतात तारसप्तकातला पंचम दोनदा फाटला.

कारण शरीरात होते. गरोदरपणात श्वासपटल वर ढकलले जाते, पोटाचे स्नायू ताणून सैल होतात, सिझेरियनमध्ये पोटाच्या भिंतीला छेद बसतो. दमसास ज्या स्नायूंवर उभा असतो तेच हे स्नायू. शिवाय अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी कमी पडले तर घसा कोरडा राहतो, रात्रीची झोप तुकड्यांत होते, आणि उशिरा जेवून लगेच आडवे झाल्याने आम्ल घशाशी येते. हे सगळे एकाच वेळी चालू होते आणि त्यावर रोजचे चार-साडेचार तास शिकवणे.

जानेवारी २०२३ मध्ये कोल्हापूरला कार्यक्रम होता. बाळ अंगावर पीत होते, म्हणून सोबत नेले. ग्रीनरूममध्ये आजीजवळ ठेवले. स्पीकरवर आईचा आवाज आला, आई मात्र दिसेना. विलंबित ख्यालाच्या मध्यावर रडणे सुरू झाले आणि ते माइकमध्ये गेले. गायिकेने ख्याल आटोपता घेतला.

त्या कार्यक्रमाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. बिदागी एकरकमी ४०,००० रुपये. त्यातून तबला ७,०००, पेटी ७,०००, तानपुऱ्यावरच्या दोघी मिळून ३,०००, गाडी ८,५००, आयोजकाने उगमस्थानी कापलेला दहा टक्के कर ४,०००. हाती आले १०,५००. कर पूर्ण रकमेवर गायिकेच्या नावे कापला गेला, जरी त्यातले १७,००० साथीदारांचे होते. विवरणपत्रात तो खर्च दाखवला तरच परतावा नीट मिळतो, म्हणून साथीदारांची पावती त्याच रात्री घ्यावी लागते. सभागृहातल्या लोकांना चाळीस हजार दिसतात. घरातल्यांनाही बराच काळ चाळीसच दिसत होते, आणि ‘एवढे मिळतात तर दगदग सोसायला हवी’ असा हिशेब त्यावर बसला होता.

फेब्रुवारीत आवाज बसला तो आठ दिवस सुटला नाही. घशाच्या तज्ज्ञांनी स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे कंप पावणाऱ्या स्वररज्जूंची कॅमेऱ्याने तपासणी, केली. स्वररज्जूंच्या पुढच्या एक तृतीयांश आणि मधल्या एक तृतीयांश भागाच्या सांध्यावर, दोन्ही बाजूंना, मऊ सूज होती. गाठी धरण्याची ही सुरुवात. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. स्पीच थेरपी, आवाजाचा वापर कमी, दहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

तपासणीतून निघालेली एक गोष्ट सगळ्यांना अनपेक्षित होती. सूज गाण्याने आली नव्हती. त्या महिन्यांत ती दिवसाला जेमतेम चाळीस मिनिटे गात होती. आवाज खर्च होत होता पेटी वाजवत त्यावरून मोठ्याने शिकवण्यात, खराब नेटवर्कवर ओरडून सांगण्यात आणि रांगत्या मुलीला दुसऱ्या खोलीतून हाका मारण्यात.

मोजणी

डॉक्टरांकडून आल्यावर घरात जे बोलणे झाले ते पहिल्यांदा भावनेच्या वळणाने गेले आणि फसले. ‘गाणं सोड असं कोणीच म्हणत नाहीये,’ असे नवरा म्हणाला. ते खरेही होते; पण गाणे चालू राहायला नेमके काय लागते हे कोणी सांगितले नव्हते, तिनेही नाही. मग एक आठवडा फक्त नोंदी ठेवायचे ठरले, स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर.

सहा दिवसांत रियाजाच्या वेळी खोलीचे दार ३१ वेळा उघडले गेले. गॅसवाला आला, मोबाइल कुठे ठेवलाय, दूध कुठल्या पातेल्यात, ‘एकच मिनिट गं’. त्यातली १९ कामे अर्धा तास थांबू शकली असती. सलग रियाजाचा सर्वांत मोठा तुकडा २२ मिनिटांचा निघाला. तानपुरा लावून स्वर कानात भिनायलाच दहा-बारा मिनिटे जातात. म्हणजे २२ मिनिटांत खर्जाची, खालच्या स्वरांची, मेहनत होत नाही, आणि रागाची बढत, म्हणजे तो सावकाश उलगडत नेणे, तर नाहीच.

दुसरी नोंद सासूबाईंची होती. साध्या दिवशी त्या नातीला सहा तास सांभाळत. मुंबईच्या तालमीच्या बुधवारी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन गाठायला सून सहाला निघे आणि रात्री साडेआठनंतर परते. शिकवणीच्या मुलांना दार उघडणे, ‘आज बाई नाहीत’ म्हणून परत पाठवणे धरून त्या दिवशी त्यांचे साडेदहा तास जात. त्यांनी तक्रार केली नव्हती. विचारल्यावर मात्र म्हणाल्या, “कार्यक्रमाचं मला काही नाही. दुसऱ्या दिवसाचं आहे. तू झोपलेली असतेस, पोरगी तुझ्यासाठी दार बडवत असते, आणि स्वयंपाकाच्या बाईंनी त्याच दिवशी दांडी मारलेली असते.”

या वाक्याने घराचे गणित बदलले. तोवर सगळे एका मैफलीला एक दिवस धरत होते. खरे तर आदला दिवस साथीदारांबरोबर बसण्याचा आणि आवाज राखण्याचा, नंतरचा दिवस प्रवासाचा व विश्रांतीचा. परगावची मैफल म्हणजे तीन दिवस. तिथून पुढे दिनदर्शिकेवर प्रत्येक कार्यक्रमासाठी तीन चौकोन रंगवले जाऊ लागले, आणि तिसऱ्या चौकोनात कोण घरी असणार हे नाव लिहिल्याशिवाय आयोजकाला होकार द्यायचा नाही असे ठरले.

पर्याय

पहिला, मुलगी पहिलीत जाईपर्यंत मंच बंद, फक्त शिकवण्या. आर्थिकदृष्ट्या सर्वांत सोपा, आणि नातेवाइकांचा लाडका. अडचण अशी की आवाज शिकवण्यांनीच बिघडला होता. शिवाय आयोजकांच्या यादीतून पाच-सहा वर्षे नाव गेले की चाळिशीत ते नवोदितांत बसत नाही आणि ज्येष्ठांतही बसत नाही.

दुसरा, मुंबईत गुरूंच्या जवळ राहायला जाणे. घरभाडे, नवऱ्याची नोकरी आणि सासूबाईंचा इथला गोतावळा पाहता अर्ध्या तासात बाजूला पडला.

तिसरा, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणे. पैसे अनियमित, वर्षाला नव्याने नेमणूक, आणि पुन्हा तेच वर्गात मोठ्याने बोलणे. पूर्णवेळ पदासाठी सहसा नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागते. ती परीक्षा तिने दिलेली नव्हती.

चौथा, दिवसभराची बाई ठेवून सगळे आहे तसे चालवणे. नवऱ्याचा कल इकडे होता. यात सासूबाईंचे ओझे उतरले असते, पण सकाळचा तास अमेरिकेतल्या मुलांकडेच राहिला असता. खर्जाचा रियाज सकाळीच का, यावर घरात बराच वाद झाला. सकाळी आवाज खाली बसलेला असतो, मंद्र सप्तक सहज लागते. न ताणता तिथे स्वर ठेवण्याची मेहनत दिवसभराच्या आवाजाचा पाया घालते. तोच तास दुपारी केला तर होतो, पण जे मिळते ते वेगळे. गाण्याच्या घरात न वाढलेल्या माणसाला हे पटवणे कठीण असते. इथे नवऱ्याने सकाळचे आणि दुपारचे रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकले तेव्हा पटले.

पाचवा पर्याय म्हणजे क्रम उलटा लावणे: आधी रियाज, मग तालीम, मग कार्यक्रम, आणि उरलेल्या वेळात शिकवण्या. तोवर क्रम नेमका याच्या उलट होता, कारण पैसे त्या क्रमाने येत होते. हा पर्याय घेतला.

या चर्चेत याच गायकीतल्या थोर गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे नाव कोणीतरी काढलेच. या गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, लवकर आलेले वैधव्य, पदरी मुले, आणि तरीही उभे केलेले गाणे. त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर आईमागे तानपुऱ्यावर बसत मोठ्या झाल्या. आदर वाटावा असेच ते आहे. पण दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बुधवारचे साडेदहा तास कोणी सांभाळायचे याचे उत्तर त्यात नाही, आणि ‘त्यांनी नाही का केलं’ हे वाक्य चर्चेत आले की चर्चा तिथेच संपते.

काय केले

पहिले दहा आठवडे, मार्च ते मे २०२३, कार्यक्रम शून्य. पोटाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून त्यातून स्वर धरण्याचा सराव, दिवसातून चार-पाच वेळा, दोन-तीन मिनिटे. कुजबुजणे बंद, आवाज बसल्यावर लोक कुजबुजतात आणि त्यालाच विश्रांती समजतात, पण त्याने घशावर ताण येऊ शकतो. रात्रीचे जेवण पावणेआठला. शिकवताना कॉलरला लावायचा छोटा माइक. मुलीला हाक न मारता तिच्याजवळ जाऊन बोलणे, जे लिहायला सोपे आहे.

ज्या पट्टीत गायचे तो स्वर अर्ध्याने खाली आणला. बाळंतपणाआधी ती पेटीच्या काळी पाचात गात असे. आता पांढरी सहा. तानपुऱ्याच्या तारा त्याच चालल्या, जवारीवरचे, म्हणजे घोडीवर तारांखाली असलेले, सूत मात्र नव्याने बसवावे लागले. ‘थोड्या दिवसांसाठी’ म्हणून केलेला हा बदल कायम राहिला.

शिकवण्या कापल्या. ऑनलाइन वर्ग फक्त शनिवार-रविवार सकाळी, नवरा घरी असताना. सहांतली दोन मुले त्यामुळे सुटली. घरच्या १४ पैकी आठ मोठी मुले ठेवली, सहा नवशिकी एका ज्येष्ठ शिष्येकडे सोपवली, तिला त्यांचे पूर्ण पैसे. महिन्याची मिळकत ४९,८०० वरून ३१,२०० वर आली.

मग खोलीचा प्रश्न. घरात खोली असताना रियाजासाठी भाड्याने जागा घ्यायची, यावर सर्वांत जास्त ताणाताणी झाली. “घरात खोली आहे, दार आहे, आम्ही उघडणार नाही, झालं तर मग,” असे नवऱ्याचे म्हणणे. ते महिनाभर करून पाहिले. दार उघडणे ३१ वरून ११ वर आले, पण मुलगी दाराबाहेर बसून रडायची आणि दाराआडच्या आईचा स्वर काही लागेना. शेवटी त्याच इमारतीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींच्या मागच्या खोलीत रोज एक ते तीन, महिना २,५०० रुपये. खाली जाड सतरंजी, सामाईक भिंतीला लागून पुस्तकांचे कपाट, मोबाइलवरचा तानपुरा. आई घरात नाही म्हटल्यावर मुलगी दुपारची झोपायची. आणि आई ‘बाहेर गेली’ म्हटल्यावर मोठी माणसेही गॅसवाल्याचे बघून घ्यायची.

पहाटेचा खर्ज घरीच, सव्वापाच ते सहा. वरच्या मजल्यावरून दोन आठवड्यांत तक्रार आली. सोसायटीच्या कार्यकारिणीशी भांडण्याऐवजी तिने स्वतः वर जाऊन कोणत्या खोलीत आवाज येतो ते ऐकले. पाइपच्या डक्टमधून जात होता. बसण्याची जागा डक्टपासून दूरच्या भिंतीकडे नेली, वेळ साडेपाच केली. तक्रार पुन्हा आली नाही. रात्री सव्वानऊनंतर आवाज अजिबात लावायचा नाही. जुन्या तालमी हेडफोनवर ऐकायच्या आणि बंदिशी मनात म्हणायच्या.

चार तासांसाठी मावशी ठेवल्या, दहा ते दोन, ९,००० रुपये. सासूबाईंनी आधी ‘मी आहे की’ म्हणून विरोध केला. मावशी मुलीला बघतील, तुम्ही मावशींना बघा, अशी वाटणी सुचवल्यावर तयार झाल्या. त्या चार तासांत त्यांचा स्वतःचा फिजिओथेरपीचा तास बसला.

तालमीचे गणित मात्र सुरेख सुटले. दर बुधवारी पंधरा तासांच्या दगदगीत अडीच तास तालीम मिळत होती. दोन आठवड्यांत पाच तास. त्याऐवजी दर पंधरवड्याला एकदा गुरुवारी जायचे, गुरुभगिनीकडे मुक्काम, गुरुवारी दुपारी दोन तास आणि शुक्रवारी सकाळी तीन. तास तेवढेच, प्रवास निम्मा, आणि सकाळचे राग सकाळी शिकायला मिळू लागले. ताईंना ऑनलाइन तालीम मान्य नव्हती, पण ध्वनिमुद्रणाला त्यांनी परवानगी दिली. आईशिवायची पहिली रात्र मुलीला जड गेली, दुसरी कमी. अंगावरचे पिणे त्याआधी महिनाभर हळूहळू सोडवले होते. ते आणि मुक्काम एकाच आठवड्यात सुरू केले असते तर दोन्ही फसले असते.

ताईंशी बोलून शिकण्याचा आवाका आवरता घेतला. वर्षभर नवा अनवट, म्हणजे क्वचित गायला जाणारा, राग घ्यायचा नाही. मंचावर कधीही बसता येईल असे आठ राग पक्के ठेवायचे: ललत आणि देसकार, शुद्ध सारंग आणि मुलतानी, श्री आणि शुद्ध कल्याण, नंद आणि बागेश्री. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्याने संध्याकाळचे कार्यक्रम साडेनऊलाच आवरू लागतात आणि उत्तररात्रीचे राग तसेही फारसे गायले जात नाहीत. म्हणून यादीत ते नव्हते.

तीन अवघड प्रसंग

दिवाळी २०२३. नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, रविवारी १२ नोव्हेंबरला आले. त्या पहाटेचे आमंत्रण आले, बिदागी नेहमीच्या दीडपट. दिवाळी पहाट साडेपाचला सुरू होते, म्हणजे कलाकार चारला हजर. आणि ती नेमकी अभ्यंगस्नानाची वेळ. घरातले म्हणाले, जा. तिने तीन चौकोन मोजले: ११ ला फराळ आणि तालीम, १२ ला कार्यक्रम आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन, १३ ला झोप. तो दिवस नाकारून १४ चा पाडवा घेतला, बिदागी कमी. होकार घरातून मिळाला होता तरी नाकारण्याचा हा निर्णय योग्य होता असे आमचे मत. अशा दिवशीचा होकार उदारपणाचा असतो आणि त्याची वसुली पुढच्या वर्षी होते.

जानेवारी २०२४, सांगली. निघायच्या दिवशी सकाळी मुलीला १०१.८ ताप. यासाठीचे नियम दिवाळीनंतर लिहून फ्रिजवर लावले होते: मूल पाणी पीत असेल, खेळत असेल आणि डॉक्टरांनी पाहिले असेल तर कार्यक्रम होईल आणि नवरा घरी थांबेल, उलट्या, मलूलपणा किंवा दवाखान्यात दाखल करण्याची वेळ आली तर कार्यक्रम रद्द, आणि तेही दुपारी बाराच्या आत, पर्यायी गायिकेचे नाव देऊन. डॉक्टरांनी अकराला पाहिले, ती साडेअकराला निघाली. मंचावर फोन न्यायचा नाही. निकड असेल तर नवरा आयोजकाला फोन करील, आयोजक मध्यंतरात सांगेल. फोन आला नाही. मुलतानी चांगला झाला, भजन तिने टाळले. नातेवाइकांत मात्र ‘तापलेल्या पोरीला टाकून गेली’ ही चर्चा महिनाभर चालली, आणि तिला उत्तर सासूबाईंनी दिले, सुनेने नाही. याने बराच फरक पडला.

तिसरा प्रसंग छोटा. एका स्थानिक कार्यक्रमाला मावशी आल्या नाहीत तेव्हा तानपुऱ्यावर बसणाऱ्या शिष्येला दोन तास मुलीजवळ बसवले. शिष्या काही बोलली नाही. मंचावर मात्र तिचा तानपुरा उतरलेला राहिला, ते लक्षात येईपर्यंत अर्धा ख्याल गेला. शिष्येला घरकामाला लावण्याची प्रथा जुनी आहे आणि ती गोड शब्दांत अजून चालते. पुढे हे पूर्ण बंद केले.

निष्पत्ती, मार्च २०२५ पर्यंत

दहा आठवड्यांच्या तपासणीत सूज निम्मी, सहा महिन्यांनी गेलेली. २०२२-२३ मध्ये पाच कार्यक्रम झाले होते. २०२३-२४ मध्ये ११, पुढच्या वर्षी १४. २०१९ चा २३ हा आकडा गाठलेला नाही आणि आता कोणी तो धरूनही बसलेले नाही. हंगामात परगावचे कार्यक्रम महिन्याला दोनच.

शिकवण्यांची फी वर्षाने वाढवली: ऑनलाइन १,५००, घरची २,२००. मुले कमी असूनही मिळकत ४१,६०० पर्यंत परतली. मावशी आणि खोली मिळून ११,५०० चा नवा खर्च कायम आहे. पहिल्या वर्षी महिन्याला एकूण तीस हजारांची तूट पडत होती. ती गाडी घेणे पुढे ढकलून आणि एक गुंतवणूक थांबवून भरली. स्पष्ट सांगायला हवे की ही मांडणी एका नियमित पगारावर उभी आहे. दोघेही कलाकार असलेल्या घरात ती अशीच्या अशी चालणार नाही.

स्वर काळी पाचावर परत गेला नाही. जुने श्रोते अधूनमधून ‘आवाज उतरला’ म्हणतात. मंद्र सप्तक पूर्वीपेक्षा भरदार झाले आहे, असेही काहीजण म्हणतात. आकाशवाणीच्या वरच्या श्रेणीसाठी २०२४ मध्ये दिलेली चाचणी निघाली नाही.

वेगळे काय करता आले असते

शिकवण्या चौथ्या महिन्यात सुरू करण्याऐवजी आठव्या महिन्यापर्यंत थांबता आले असते. त्या चार महिन्यांचे दोन लाख रुपये बाळंतपणाआधी बाजूला ठेवणे या घराला शक्य होते. कोणी तसा विचार केला नाही, कारण शिकवणे हे ‘घरबसल्या’ काम मानले गेले. मंचावर परतण्याची घाई सगळ्यांना दिसली, वर्गाची घाई कोणालाच दिसली नाही.

तज्ज्ञांकडे नोव्हेंबरच्या बैठकीनंतर लगेच जायला हवे होते. पंचम फाटणे हे रियाज कमी पडल्याचे लक्षण समजून तिने उलट ताना वाढवल्या.

आणि अनवट राग. वर्षभर नवे काही घ्यायचे नाही, हा निर्णय आवाजासाठी बरोबर होता, गुरूंच्या वयासाठी नव्हता. २०२४ च्या पावसाळ्यात ताईंची प्रकृती ढासळली. आता त्या पाऊण तासापेक्षा जास्त बसू शकत नाहीत आणि वरच्या स्वरात गाऊन दाखवत नाहीत. चार जोडरागांची, म्हणजे दोन राग जोडून झालेल्या रागांची, तालीम राहिली ती राहिली. गाता येत नव्हते त्या दहा आठवड्यांत नुसते समोर बसून, ताईंकडून ते राग गाऊन घेऊन मुद्रित करता आले असते. गळा नसला तरी कान आणि वही चालू होती. त्या काळात तिने मुंबईला जाणेच बंद ठेवले होते, प्रवासाने आवाजाला त्रास होईल म्हणून. आता ताई जे सांगतात ते रागाचे चलन बोलून, हाताने दाखवून. त्यातल्या दोन रागांच्या बंदिशी गुरुभगिनीकडे आहेत आणि त्या तिच्याकडून घेणे चालू आहे.

जूनपासून मुलीची नर्सरी, सकाळी नऊ ते साडेबारा. म्हणजे दुपारची एक ते तीनची खोली उपयोगाची राहणार नाही, कारण त्या वेळी मुलगी घरी जागी असेल. आजींशी बोलून वेळ साडेनऊ ते बारा करून घेतली आहे; मावशींना दुपारी एक ते पाच जमेल का हे ठरायचे आहे. सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मे महिन्यात आहे, म्हणून मे आणि जूनचे तीन कार्यक्रम आधीच नाकारले. दिनदर्शिकेवर त्या दोन महिन्यांतले चौकोन सध्या नवऱ्याच्या नावाने भरलेले आहेत.